परवाना नव्हता, पाच मुली होत्या

आज कुणी गावाबाहेरच्या माळावर दोन खोल्या बांधल्या, पाच विद्यार्थिनी जमवल्या, दारावर 'विद्यापीठ' अशी पाटी ठोकली आणि पदव्या वाटायला सुरुवात केली, तर काय होईल? विद्यापीठ अनुदान आयोग बोगस विद्यापीठांची जी यादी जाहीर करतो, तिच्यात त्याचं नाव झळकेल. १९५६ च्या यूजीसी कायद्याप्रमाणे, कायद्याने स्थापन न झालेल्या संस्थेला नावात 'विद्यापीठ' हा शब्दसुद्धा लावता येत नाही. पदवी देणं तर लांबच राहिलं.

धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली पुण्याजवळ हिंगण्याला नेमकं हेच केलं. यूजीसी तेव्हा नव्हती, हे आपलं नशीब.

त्या विद्यापीठाला आज आपण एसएनडीटी म्हणतो. वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या घरांत बारावीचा निकाल लागला की वर्तक, विवा, गोन्सालो गार्सिया ही नावं आधी निघतात. ती सगळी मुंबई विद्यापीठाची कॉलेजं. एसएनडीटीचा विषय निघालाच तर 'ते मुलींचं कॉलेज ना?' एवढ्यावर संपतो. कॉलेज नाही हो, अख्खं विद्यापीठ आहे. स्वतःचे अभ्यासक्रम, स्वतःच्या परीक्षा, स्वतःच्या पदव्या. आणि पहिली पस्तीस वर्षं ते शंभर टक्के खासगी होतं. खासगी म्हणजे आजच्यासारखं काचेच्या इमारतीचं आणि हप्त्यांनी फी भरायचं नव्हे. लोकांनी वर्गणी काढली आणि विद्यापीठ चालवलं, इतकं खासगी.

टपालाने आलेलं विद्यापीठ

मूळ कल्पना आली जपानहून, तीही बुकपोस्टने. टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका १९१५ मध्ये कर्व्यांच्या हाती पडली. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईला सामाजिक परिषद भरायची होती आणि अध्यक्ष होते कर्वे. भाषणाला विषय हवा होता, पुस्तिका आठवली. परिषदेत त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि पुढच्या वर्षी ५ जुलैला काम सुरूही झालं. आज विद्यापीठाचा आराखडा, त्याची समिती, समितीचा अहवाल, अहवालावर हरकती एवढं व्हायलाच सहा महिने पुरत नाहीत!

गंमत म्हणजे ज्या जपानी विद्यापीठाचा कित्ता गिरवला, त्याची गोष्टही तशीच. जिन्झो नारुसे यांनी १९०१ मध्ये ते काढलं, नावात 'विद्यापीठ' घातलं, पण कायद्याच्या हिशेबाने त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळाला १९४८ मध्ये. एसएनडीटीला तो मिळाला १९५१ मध्ये. गुरू आणि चेला, दोघेही बिनपरवाना.

मुंबई विद्यापीठ तेव्हा चांगलं साठीत पोचलेलं होतं. १८५७ ची स्थापना. मुलींना तिथे बंदी होती असंही नाही. कॉर्नेलिया सोराबजी १८८८ मध्ये डेक्कन कॉलेजातून त्या विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या होत्या. पण इंग्रजी माध्यम, मुलांसाठी बेतलेला अभ्यासक्रम आणि त्या काळातलं लग्नाचं वय हे तिन्ही एकत्र आले की कॉलेजापर्यंत पोचणाऱ्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. कर्व्यांनी सरळ मराठी माध्यम घेतलं. पुढे गुजरातीही आली. गृहशास्त्र आणि आरोग्यशास्त्र सक्तीचे. इंग्रजी हा विषयही सक्तीचा. या शेवटच्या मुद्द्यावर खुद्द गांधीजींशी वाजलं. त्यांचं म्हणणं, इंग्रजी ऐच्छिक ठेवा. मवाळ चेहऱ्याचे कर्वे हटले नाहीत. अभ्यासक्रमाच्या बाबतीत महात्म्याला 'नाही' म्हणणारे प्राचार्य फार झाले नसतील.

पदवी बी. ए. नव्हे, जी. ए.

बिनसरकारी विद्यापीठाने बी. ए. द्यायची कशी? म्हणून पदवीचं नावच वेगळं ठेवलं: गृहीतागमा, थोडक्यात जी. ए. त्याच्या वरची पदवी प्रदेयागमा, पी. ए. आता पी. ए. म्हटलं की साहेबांचा पीए डोळ्यांसमोर येतो, पण तेव्हा ती पदव्युत्तर पदवी होती. सरकारी नोकरीच्या बाजारात या अक्षरांना फारसा भाव नव्हता, तरी मुली येत राहिल्या. त्यात कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमातल्या विधवा होत्या. त्यांच्या दृष्टीने प्रश्न बी. ए. की जी. ए. हा नव्हताच, प्रश्न होता शिकायला मिळणार की नाही हा.

पहिल्या कुलगुरूंचीही एक गंमत सांगायलाच हवी. कुलपती होते रामकृष्ण गोपाळ भांडारकर, म्हणजे भांडारकर संस्था ज्यांच्या नावाने आहे ते, वय पंच्याहत्तरीपार. कुलगुरू होते रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय. हे परांजपे म्हणजे कर्व्यांचे नात्यातले भाऊ, आणि विद्यार्थिदशेत कर्व्यांच्याच घरी राहून शिकलेले. आजच्या भाषेत कुणी घराणेशाही म्हणेल. म्हणो बापडे. सीनियर रँग्लर भाऊ असेल तर घराणेशाहीला माझी हरकत नाही. (शकुंतला परांजपे या त्यांच्या कन्या आणि सई परांजपे या नात. 'चष्मेबद्दूर' बघताना हे लक्षात ठेवा.)

विद्यापीठाचा कारभार बघायला सिनेट होती आणि तिच्या निवडणुकीत मत वर्गणीदारांना. पैसे देईल त्याला मत, असा सोपा मामला.

पंधरा लाख, पण आईच्या नावाने

सर विठ्ठलदास ठाकरसी हे मुंबईचे गिरणीमालक, मुंबईतली पहिली मध्यवर्ती सहकारी बँक उभारणाऱ्यांपैकी एक. १९१९ मध्ये ते पत्नी प्रेमलीलाबाईंसह जगप्रवासाला निघाले. सोबतीला कोण, तर सर विश्वेश्वरय्या! टोकियोला पोचल्यावर तिघांनी तेच ते महिला विद्यापीठ पाहिलं. म्हणजे एक पुस्तिका वाचून पुण्याचा प्राध्यापक पेटला आणि तीच जागा डोळ्यांनी बघून मुंबईचा गिरणीवाला. परत आल्यावर १९२० मध्ये विठ्ठलदासांनी कर्व्यांच्या विद्यापीठाला पंधरा लाख रुपये देऊ केले.

पंधरा लाख म्हणजे किती? साडेतीन टक्क्यांनी व्याज धरा: वर्षाला ५२,५०० रुपये. कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमाला वीस वर्षांपूर्वी रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी सहा एकर जमीन आणि ७५० रुपये दिले, तेव्हा ती घसघशीत देणगी होती. दारोदार हिंडून पाच-दहा रुपयांच्या पावत्या फाडणाऱ्या माणसापुढे अचानक पंधरा लाख.

अट एक महत्त्वाची: नाव विठ्ठलदासांच्या आईचं. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. एस-एन-डी-टी या चार अक्षरांत एका गुजराती गिरणीमालकाची आई बसलेली आहे, हे रोज चर्चगेटला उतरणाऱ्या किती जणींना ठाऊक असेल? दोनच वर्षांनी, १९२२ मध्ये, विठ्ठलदास गेले. प्रेमलीलाबाईंनी मात्र विद्यापीठ सोडलं नाही. १९५१ मध्ये सरकारी दर्जा मिळाल्यावर कुलगुरूंच्या खुर्चीत त्या बसल्या. त्यांचा पुण्यातला बंगला 'पर्णकुटी'. नावावर जाऊ नका, टेकडीवरचा प्रशस्त बंगला आहे. १९३३ मध्ये गांधीजींचा एकवीस दिवसांचा उपवास तिथेच झाला आणि लगोलग देवदास गांधी व राजाजींची कन्या लक्ष्मी यांचं लग्नही.

पाट्यांवरची नावं वाचायची सवय असेल तर एसएनडीटीच्या आवारात वेळ बरा जातो. प्रेमलीला विठ्ठलदास पॉलिटेक्निक, लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज, जानकीदेवी बजाज व्यवस्थापन संस्था, उषा मित्तल तंत्रज्ञान संस्था. पैसे बहुतेक घरातल्या पुरुषांच्या कमाईचे, नावं बायकांची. इतर कुठल्या विद्यापीठात हे प्रमाण दिसतं, शोधून बघा.

तीन रस्त्यांचं गणित

विद्यापीठाचं मुख्यालय १९३६ मध्ये मुंबईत आलं. चर्चगेटच्या आवाराचा पत्ता: १, नाथीबाई ठाकरसी मार्ग. शेजारचा न्यू मरीन लाइन्स रोड आता सर विठ्ठलदास ठाकरसी मार्ग. आणि चर्चगेटपासून रुळांना लागून मरीन लाइन्सकडे जाणारा जुना क्वीन्स रोड आता महर्षी कर्वे मार्ग. आई, मुलगा आणि ज्यांना पैसे दिले ते मास्तर असे तिघेही हाकेच्या अंतरावर. चर्चगेटकडे जाताना चर्नी रोड गेलं की डाव्या खिडकीतून जो रस्ता गाडीबरोबर धावतो, तो कर्व्यांचा. याच आवारातलं पाटकर सभागृह मराठी-गुजराती नाटकवाल्यांना आणि गाणं ऐकणाऱ्यांना चांगलं परिचयाचं.

दुसरं आवार जुहूचं, जुहू तारा रोडवर, नाव सर विठ्ठलदास विद्याविहार. समुद्र जवळ, झाडं भरपूर, आणि पॉलिटेक्निक, गृहविज्ञान, फार्मसी, इंजिनिअरिंग असे नोकरीकडे नेणारे बहुतेक अभ्यासक्रम इथेच. इथलं फार्मसी कॉलेज १९८० चं, मुलींचं इंजिनिअरिंग १९९७ चं. तिसरं आवार पुण्याला, कर्वे रस्त्यावर. तिथल्या कला-वाणिज्य कॉलेजची मुळं थेट १९१६ च्या महिला पाठशाळेत आहेत. अलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरजवळ विसापूरलाही विद्यापीठाने पाय रोवला. शिवाय एक खास सवलत: बाकीच्या विद्यापीठांना जिल्ह्यांची कुंपणं असतात, एसएनडीटीला राज्याबाहेरची महिला कॉलेजंही संलग्न करून घेता येतात. गुजरातशी तर जुनंच नातं.

संशोधनाचं काय, असं विचाराल तर एकच गोष्ट सांगते आणि ती पुरेशी आहे. १९७४ मध्ये समाजशास्त्रज्ञ नीरा देसाई यांनी इथे स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र सुरू केलं. असं केंद्र देशात पहिलंच. आज जवळपास प्रत्येक विद्यापीठात 'विमेन्स स्टडीज'चा विभाग दिसतो, कुठे जोरात, कुठे नुसत्या पाटीपुरता. त्या सगळ्यांची थोरली बहीण जुहूला राहते.

ऑफिसात इरावतीबाई, वर्गात इलाबेन

इरावती कर्वे यांना आपण 'युगान्त'च्या लेखिका आणि डेक्कन कॉलेजच्या मानववंशशास्त्रज्ञ म्हणून ओळखतो. त्याआधी १९३१ ते ३६ या काळात त्या सासऱ्यांच्या या विद्यापीठात प्रशासनाचं काम बघत होत्या. बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आलेली बाई फायली बघते आहे, हे चित्र आजच्या रजिस्ट्रारांनी डोळ्यांसमोर आणावं. हंसा मेहता चाळिशीच्या दशकात इथे कुलगुरू होत्या. याच हंसाबेननी पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' काढून 'सर्व मानव' घालायला लावलं. 'सेवा' संघटना उभारणाऱ्या इला भट यांनी सुरुवातीला थोडा काळ इथे इंग्रजी शिकवलं. आणि ज्यांना सिनेमाशिवाय करमत नाही त्यांच्यासाठी: राणी मुखर्जीची पदवी इथल्या गृहविज्ञानाची, सोनाक्षी सिन्हाचं फॅशन डिझाइन पॉलिटेक्निकमधलं.

पण या सगळ्यांहून माझी आवडती बाई वेगळीच आहे.

पार्वतीबाई आठवले. कर्व्यांची मेहुणी. कोकणातल्या, अकराव्या वर्षी लग्न, विशीत वैधव्य, केशवपन. बहिणीचा म्हणजे बायांचा कर्व्यांशी विधवाविवाह झाल्यामुळे घरावर बहिष्कार. अशा बाई हिंगण्याला आल्या, शिकल्या आणि आश्रमासाठी निधी गोळा करत देशभर फिरल्या. पुढे स्वतःचं सोवळं सोडलं. आणि १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तुटपुंज्या इंग्रजीवर अमेरिकेला गेल्या. हेतू दोन: इंग्रजी शिकणं आणि पैसे जमवणं. खर्च भागवायला आणि भाषा कानावर पडावी म्हणून तिथे लोकांच्या घरी घरकाम केलं. भांडी घासता घासता इंग्रजी! आत्मचरित्र लिहिलं, त्याचं इंग्रजी भाषांतर १९३० मध्ये निघालं. बाया कर्व्यांचंही आत्मचरित्र आहे, 'माझे पुराण', आणि त्यात त्या अण्णांना, म्हणजे नवऱ्याला, अजिबात मखरात बसवत नाहीत. एका घरातल्या दोन बहिणी, दोन आत्मचरित्रं. मिळाली तर दोन्ही वाचा, पण सुरुवात बायांच्या पुस्तकाने करा.

आणि स्वतः अण्णा

अण्णासाहेब कर्व्यांच्या आयुष्यातली पहिली मोठी परीक्षा बुडाली, तीही अभ्यासामुळे नव्हे. मुरुडहून साताऱ्याला परीक्षा द्यायला हा मुलगा भर पावसात, घाट तुडवत एकशे दहा मैल चालत गेला. पोचल्यावर कमिटीने वर-खाली पाहिलं आणि 'लहान दिसतोस' म्हणून परत पाठवलं. पुढे हाच मुलगा एकशे चार वर्षं जगला, कमिटीला बहुधा चिडवायला.

फर्ग्युसनमध्ये ते गणित शिकवायचे. टिळक बाहेर पडल्यानंतर गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्यांना बोलावून घेतलं होतं. दिवसभर गणित, संध्याकाळी चिखल तुडवत चार मैलांवरचं हिंगणे. आश्रमाची पहिली झोपडी आजही तिथे जपून ठेवली आहे. गावाचं नावही आता कर्वेनगर. सत्तरी ओलांडल्यावर युरोपला गेले, बर्लिनमध्ये आइनस्टाइनला भेटले. तिथून आले आणि आफ्रिकेचा दौरा काढला, विद्यापीठासाठी पैसे जमवायला; मोम्बासापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत. १९५८ मध्ये शंभरी भरली तेव्हा भारतरत्न मिळालं, आणि त्यांच्या वाढदिवशी, १८ एप्रिलला, टपाल खात्याने तिकीट काढलं. स्वतंत्र भारतात हयात भारतीय माणसाचं ते पहिलं तिकीट. पुस्तिका टपालाने आली होती, हिशेब टपाल खात्याने पुरा केला!

सरकारची मान्यता मिळाली तेव्हा कर्वे त्र्याण्णव वर्षांचे होते. १९४९ चा कायदा, १९५१ पासून दर्जा. तोवर विद्यापीठाने स्वतःच्या जोरावर जवळजवळ तीन तपं काढली होती.

वसईकरांसाठी

स्त्रियांच्या विद्यापीठाची दखल रेल्वेने घेतली असं म्हणता येणार नाही, पण योग जुळून आला खरा. पश्चिम रेल्वेची पहिली लेडीज स्पेशल ५ मे १९९२ रोजी चर्चगेट–बोरिवली धावली आणि १९९३ मध्ये ती विरारपर्यंत आली. पूर्वेच्या शेअर रिक्षाने वसई रोडला येऊन डब्यात चढणं ही काय चीज आहे, ते एव्हरशाईनच्या मुलींना सांगायला नको. पन्नासेक किलोमीटरचा प्रवास, त्यातला अर्धा उभ्याने.

तेव्हा घरात बारावीची मुलगी असेल तर फॉर्मांच्या यादीत एसएनडीटीचं नावही लिहा, आणि नोकरी-संसारात शिक्षण राहून गेलेली आई, मावशी, वहिनी असेल तर तिथल्या दूरशिक्षणाची चौकशी करा. पदवी आता पूर्ण सरकारमान्य आहे, जी. ए. नव्हे, बी. ए.च मिळते. चर्चगेटच्या आवाराला जायचं असेल तर गाडी सरळ शेवटपर्यंत. जुहूला जायचं असेल तर लक्षात ठेवा: विरार फास्ट सांताक्रूझला थांबत नाही, अंधेरीला उतरून स्लो पकडावी लागते. अॅडमिशनच्या दिवशी हे विसरलात तर वांद्र्याला पोचाल.